चौथी एल्के

कासुंगूच्या अलीकडं टेंपो थांबला
आणि उतरायच्या आधीच वास आला.
तंबाखूचा.
डोळे मिटले असते तर
निपाणीच्या वखारीमागच्या बोळातच उभी असते मी,
नाकाला ओढणी लावून,
आत आई पाला झोडपत असताना.
दोन विमानं, रात्रभराची एक बस,
आणि शेवटी आपल्याच गल्लीत.

यादीत तेवीस मुलं होती.
करणाऱ्यानं प्रत्येक नावापुढं
एकच शब्द लिहिला होता: अनाथ.
खाली खाली त्याचा हात दुखला असावा,
नुसत्या दोन टिंबा दिल्या होत्या, वरच्यासारखंच म्हणून.
पण दिवस कलला की प्रत्येकाला
हाक मारत कोणी ना कोणी यायचंच.
आजी. मावशी. शेजारची लंगडी बाई.
एकाला तर नऊ वर्षांची बहीण,
पाठीवर तिसऱ्याच कुणाचं पोर बांधून.

म्फात्सो सगळ्यांत धाकटा.
माझ्याकडं बघून म्हणाला, "एल्के."
मी छातीवर बोट ठेवलं. त्रिशला.
तो समजूतदारपणे मान हलवून म्हणाला, "एल्के."
पुढं कळलं, पहिली आली ती जर्मनीची, तिचं नाव एल्के.
मग कोरियाची एक. तीही एल्के.
मग एक दाढीवाला आला, गिटार घेऊन,
तोसुद्धा.
जूनमध्ये येतात, डिसेंबरात जातात,
पोरानं किती नावं पाठ करायची?

चुलीवर न्सिमा रटरटायची, पांढरीशुभ्र,
आपल्या कण्यांची सावत्र बहीण.
मी बोटांनी गोळा वळायला शिकले,
त्यांना एक दोन तीन शिकवलं,
ते सातावर अडायचे आणि हसायचे.

एकदा दगडाला ठेचकाळले
तर अख्खी रांग म्हणाली, "पेपानी."
कुणी ढकललं नव्हतं मला,
दगड त्यांचा नव्हता.
तरी तेवीस तोंडांनी, "पेपानी."
रात्री मराठीत शब्द शोधला, मग कानडीत.
"लागलं काय गं" सापडलं.
"बघून चालायचं की" सापडलं.

म्फात्सोच्या आजीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं,
तुझ्या अमाईजवळ कोण आहे?
मास्तर भाषांतर करायला पुढं झाले.
अमाई कळायला
दुभाषी कशाला लागतो निपाणीच्या पोरीला?
मी मात्र भाषा न कळल्यासारखं हसले.
सहा महिने तसंच हसत राहिले, ती दिसली की.

परत आल्यावर वाचनालयात सत्कार झाला.
शाल, नारळ, पेढ्यांचा पुडा.
माइकवरचे गृहस्थ म्हणाले,
"आमच्या त्रिशला मगदूम! नावातच माता आहे,
तेवीस अनाथांची माउली झाली ही लेक!"
टाळ्या वाजल्या.
निघायच्या दिवशी म्फात्सो आला नव्हता, हे मी सांगितलं नाही.
आंब्याखाली बाटल्यांच्या टोपणांनी खेळत होता,
मान वर न करता.
रडला असता तर बरं वाटलं असतं मला.
हेही सांगितलं नाही.

घरी नारळ ठेवला.
आई कॉटवर, उशीला उशी लावून,
तीस वर्षांचा पाला छातीत घेऊन.
उंबऱ्याशी नीलव्वा, पलीकडच्या दारची.
सहा महिने रोज दिवेलागणीला येऊन विचारायची,
"ऊट आयतेन?"
आणि आई मराठीत सांगायची, "जेवले बाई, तू जेवलीस काय?"
तेवढ्यात दोघींचं भागलं होतं.

"आता कोण असंल गं तिथं, पोरांजवळ?"
"नवी आली असेल कोणी."
"नाव काय तिचं?"
मी म्हणाले, एल्के.
आई हसायला गेली आणि खोकला लागला,
लांबलचक, वाकवणारा.
मी तांब्या घेऊन उठेपर्यंत
नीलव्वाचा हात
तिच्या पाठीवर पोचला होता.